मागच्या बाजूला तुरीचा भाव

नाटक बघून आलेल्या माणसाला 'कसं झालं?' म्हणून विचारलं तर तो बरं-वाईट काहीतरी सांगतो. आमचे अण्णा म्हणतात, "उद्या कळेल." उद्या म्हणजे पेपर आल्यावर. लातूरच्या दयानंद सभागृहात तिसऱ्या रांगेत अडीच तास बसून, दोनदा डोळे पुसून आणि मध्यंतरात वडा खाऊन आलेला हा माणूस नाटक कसं झालं ते सांगू शकत नाही, कारण त्यांच्या हिशेबी ते अजून झालेलंच नसतं. ते छापून येईल, कापलं जाईल, खळ लावून चिकटेल आणि खाली लाल शाईत तारीख पडेल, तेव्हा कुठं प्रयोग झाला म्हणायचा. पेपरात काही आलंच नाही, तर अण्णा त्या नाटकाचा विषय पुन्हा काढत नाहीत.

अण्णा हा एक माणूस नाही, जमात आहे. मराठवाड्यात तालुक्याला एक तरी सापडतोच. नांदेडला त्याला गुरुजी म्हणत असतील, उदगीरला मामा, परभणीला नुसतं 'ते नाटकवाले'. नोकरी बहुतेक जिल्हा परिषदेतली, त्यामुळे कागदाला कागद टाचायचा हात आयुष्यभर बसलेला. नाटकात काम केलेलं असतं, पण फार नाही. नाटक लिहिलेलंही असतं, पण ते कपाटात. सदऱ्याच्या खिशात पेन, पेनाशेजारी चष्म्याचं घर आणि घरात चष्म्याऐवजी घडीची कात्री. चष्मा कायम डोळ्यांवर असल्यामुळे घर रिकामं कशाला ठेवायचं, असा त्यामागचा विचार.

ह्या कात्रीनं गावाला शिस्त लावली आहे. अण्णा येताना दिसले की लोक पेपर घाईघाईनं वाचून टाकतात. कटिंगच्या दुकानातल्या पेपराला रविवारी दुपारनंतर खिडक्या पडलेल्या असतात. पुढचं गिऱ्हाईक संपादकीय वाचता वाचता त्यातून पलीकडच्या माणसाची दाढी बघतं. दुकानदारानं एकदा विचारलं, "अण्णा, हितं कात्री चालवायची कुणी, तुमी का मी?" अण्णा म्हणाले, "तुमचं परत वाढतंय. हे वाढत नाही."

पण रोजच्या पेपरातलं कापणं म्हणजे किरकोळ काम. खरा शोध जुन्याचा, आणि त्याचं ठिकाण रद्दीचं दुकान. लातुरात रद्दीची एक अडचण आहे. हे गाव शिकवण्यांचं. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या कुठल्याही रस्त्यानं रद्दीवाल्याकडं जा, वरचा थर फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजीचा. परीक्षा झाली की प्रश्नसंचांचे डोंगर येऊन पडतात. अण्णा बाह्या सारून त्यात उतरतात. हातभर डॉक्टरकी उपसल्यावर खाली कुठंतरी 'मनोहर', 'किर्लोस्कर', 'माणूस', 'सोबत' लागतात. एखाद्या भाग्याच्या दिवशी 'नाट्यदर्पण'ही निघतो. रद्दीवाला आता तयार झालाय. तो फोन करून सांगतो, "अण्णा, म्हातारं गेलंय एक. वाचणारं व्हतं." अण्णा म्हणतात, "अरेरे!" मग रीतीप्रमाणे थोडा वेळ थांबतात आणि विचारतात, "दिवाळी अंक हैत का?"

ह्या मालाचा एक दोष असा, की त्यात पुष्कळदा दुसऱ्याच कुण्या अण्णानं आधी कापून ठेवलेली कात्रणं निघतात, आणि कापणाऱ्यानं नेमकी तारीख बाहेर ठेवलेली असते. मग अण्णांचं पोलीसखातं जागं होतं. 'लातूर, जि. उस्मानाबाद' असं छापलेलं असलं की कागद 16 ऑगस्ट 1982 च्या आधीचा, कारण त्या दिवशी लातूर जिल्हा वेगळा झाला. तिकिटाचा दर आण्यांत असला की एप्रिल 1957 च्या आधीचा, 'नवे पैसे' असले की त्यानंतरच्या सात-आठ वर्षांतला. 'मुंबई राज्य' असेल तर 1 मे 1960 च्या अलीकडं यायचं नाही. बातमीत आमची गावं हैदराबाद संस्थानात असली तर अण्णा आधी हात धुऊन येतात. निजामाच्या अमलातला कागद! त्यावर फसली सन असलं की त्यात 590 मिळवायचे, इसवी सन निघतं. हा हिशेब ते नातवंडांना पाढ्यांच्या आधी शिकवतात. एवढं सगळं करून शोधायचं काय, तर एका कंपनीचा 'संशयकल्लोळ' बुधवारी झाला की गुरुवारी. ज्यांनी त्यात काम केलं त्यांनाही हा प्रश्न कधी पडला नसेल. अण्णांची मात्र दोन रात्री झोप उडते, आणि गुरुवार ठरला की तिसऱ्या दिवशी ते मला रस्त्यात थांबवून सांगतात, "सर, गुरुवारच निघाला हो!" (लातुरात प्रत्येकाला सर म्हणतात. अर्धं गाव शिकवतं, उरलेल्या अर्ध्याचा अपमान कशाला?)

जपणुकीचं त्यांचं शास्त्र वेगळं. खळ गव्हाच्या पिठाची, तिच्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. सेलोटेपला घरात बंदी. तो पिवळा पडतो आणि जाताना अक्षरं घेऊन जातो. ज्यानं नाटकाच्या कात्रणाला सेलोटेप लावला त्याच्या घरचं पाणीदेखील अण्णा पीत नाहीत. पाण्यावरून आठवलं. ह्या संग्रहाचा पहिला मुक्काम दोनशे लिटरच्या निळ्या पिंपात होता. खाली कडुनिंबाचा पाला, वर नाटकं, त्यावर झाकण. 2016 चा उन्हाळा आला, मांजरा धरण कोरडं पडलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, आणि लातूरच्या प्रत्येक घरात भांड्यांची शिरगणती सुरू झाली. काकूंनी पिंपाचं झाकण उघडलं, आत हात घातला आणि संयुक्त 'मानापमान' बाहेर काढलं.

संयुक्त 'मानापमान' म्हणजे 8 जुलै 1921 चा तो प्रयोग. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले, एकमेकांचे प्रतिस्पर्धी, एका रंगमंचावर उभे राहिले. ऑक्टोबरात केशवराव गेले, त्यामुळं ते पुन्हा होणं नव्हतं. अण्णांजवळचं कात्रण अर्थातच 1921 चं नव्हे, पन्नास वर्षं झाली म्हणून कुणीतरी लिहिलेल्या लेखाचं; पण ते दाखवताना अण्णांचा आवाज पिटातल्या प्रेक्षकासारखा होतो. त्या दिवशी ते पिंपाला आडवे झाले. "अगं, बालगंधर्व अन् केशवराव एकत्र आलेले हैत!"

काकू म्हणाल्या, "येऊ द्या. टँकरबी आलाय."

तेव्हापासून संग्रह दिवाणात आहे. दिवाणावर पाहुणा झोपला की अण्णा त्याला कुशीवर वळू देत नाहीत.

आम्ही हसतो, पण लातूरच्या माणसानं मराठी नाटक बघितलं कसं, ह्याचा विचार केला तर हसू जरा मंदावतं. मुंबईचा पेपर इथं एक दिवस शिळा होऊन यायचा आणि नाटक आलंच तर काही वर्षं शिळं होऊन. मोठ्या नाटकाचा नेपथ्यासकट दौरा आणणारा कंत्राटदार छातीचा लागायचा. तिकिटं खपली नाहीत तर सामानाचा टेम्पो आणि नटांचा मुक्काम त्याच्याच बोकांडी. तेव्हा पुष्कळांनी नाटक वाचूनच बघितलं. 'तो मी नव्हेच' 1962 साली आलं, फिरत्या रंगमंचावर. अण्णा तेव्हा शाळेत. त्यांनी पेपरातलं वर्णन वाचलं, घरातल्या जात्यावर काड्यापेट्यांची न्यायालयं मांडली आणि आईनं दळायला घेईपर्यंत लखोबा लोखंडेला गरागरा फिरवलं. 'नटसम्राट' डिसेंबर 1970 मध्ये आलं. डॉ. लागू कुठून आत यायचे, कुठल्या वाक्याला थांबायचे, प्रकाश कुठं मंद व्हायचा, हे अण्णा उभं राहून करून दाखवतात. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. कुणीतरी विचारतं, "कधी बघितलाव, अण्णा?"

"बघितलं नाही. वाचलंय."

आणि हे सांगताना त्यांना काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. उलट, बघितलेल्यांविषयी त्यांचं मत असं, की त्यांना एकच प्रयोग दिसला. अण्णांनी तेरा समीक्षकांचे तेरा प्रयोग वाचलेत, आणि त्यातले दोन समीक्षक दुसऱ्या अंकानंतर उठून गेले असणार, हेही त्यांनी लिखाणावरून ओळखलंय. तिसऱ्या अंकाबद्दल जो 'उत्तरोत्तर रंगत गेला' एवढंच लिहितो त्याला शेवटची एसटी गाठायची होती, असा अण्णांचा सिद्धान्त आहे. मला तो पटतो.

मराठवाड्याची फाइल वेगळी, आणि ती बारीक आहे, ह्याचं त्यांना दुःख. पुण्या-मुंबईच्या पेपरात इकडचं नाटक यायचं ते राज्य नाट्यस्पर्धेच्या निकालात, नावाच्या पट्टीत. तरीही लक्ष्मण देशपांड्यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'चा गठ्ठा जाडजूड आहे. बावन्न भूमिका करणारा एकटा माणूस अण्णांना फार सोयीचा वाटतो, कारण फोटो एकच चिकटवावा लागतो. नांदेडच्या दत्ता भगतांच्या 'वाटा-पळवाटा'ची कात्रणं त्यांनी दुपदरी पुठ्ठ्यात ठेवलीत. ती कुणी मागितली तर आधी "नाटक वाचलंय का?" असं विचारतात. बाकीच्या फायलींना ही अट नाही.

आता घाशीरामची गोष्ट. 'घाशीराम कोतवाल' 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात आलं आणि एकोणीस प्रयोगांनंतर बंद पडलं. 1974 साली पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात पेपरांत रणधुमाळी. आणि इकडं मराठवाड्यात दुष्काळ. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, सुकडीवर दिवस काढत होती. पहिल्या पानावर ते, आतल्या पानावर नाना फडणवीसांची बदनामी झाली की नाही ह्याची पत्रं. अण्णांनी आतलं पान कापलं. भूक दाराशीच होती, ती कापून ठेवायची गरज नव्हती, असं ते म्हणतात; तरी हे वाक्य म्हणताना ते दुसरीकडं बघतात.

त्यातल्या एका पत्राच्या मागं बाजारभाव होते. ही बातमी मार्केट यार्डातल्या एका आडत्याला लागली. त्याच्या घरात दोन भावांत पैज. दुष्काळाच्या साली वडिलांनी तूर कितीला सोडली, ह्यावर वीस वर्षं वाद. तो एका संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन आला.

"अण्णा, तुमच्याकडं त्या सालचा तुरीचा भाव हाय म्हणं."

"माझ्याकडं घाशीराम हाय."

"त्याच्या मागं हाय म्हणायलेत."

"मागचं मी बघत नाही."

ते खरंच होतं. कात्रण वहीत पक्कं चिकटवलेलं, मागची बाजू खळीत गाडलेली. आडत्या हटेना. वहीसकट विकत घेतो म्हणाला. अण्णांनी पेढ्यांचा पुडा परत पुढं सरकवला. मग त्यानं खरा डाव टाकला. पेढीच्या माळ्यावर वडिलांच्या वेळचे पेपर अजून बांधून पडलेत, म्हणाला. न कापलेले. अण्णांनी पुडा परत ओढून घेतला आणि काकूंना चहाचं पातेलं चढवायला सांगितलं. चहा कुणालाच मिळाला नाही. वाफेवर वही धरून, चाकूच्या बोथट पात्यानं, एका कोपऱ्यातून अर्धा तास ते कात्रण सुटत होतं. दोघंही घामानं निथळलेले. काकू दारात उभ्या राहून गॅसचा हिशेब करत होत्या. शेवटी कागद सुटला. उलटा केला. मोरचुदानं हिरवट झालेल्या कागदावर भावाचा तक्ता स्पष्ट दिसत होता. बार्शी, सोलापूर, आणि त्याखाली 'लातूर: तूर', आणि तिथून पुढं अण्णांच्या कात्रीनं घेतलेलं सरळ, सुबक वळण.

"आकडाच कापलाव की हो!" आडत्या ओरडला.

"मला काय म्हाईत मागं तूर हाय म्हणून?"

"मागं बघायचं असतंय!"

"तुमी पुढं बघितलाव का कधी?"

पैजेचा निकाल अजून लागलेला नाही. पण आडत्या दर रविवारी येतो. अण्णा पुढची बाजू वाचतात, तो मागची. गेल्या महिन्यात त्याला एका ठिकाणी सरकीचा भाव आणि दुसऱ्या ठिकाणी हरवलेल्या बैलाची जाहिरात सापडली, आणि तो बैल कुणाचा ह्यावर दोघांचा दिवस गेला. त्याच्याही सदऱ्याच्या खिशात आता काहीतरी चष्म्याच्या घरासारखं दिसतं.

ह्या सगळ्या वह्यांत एकच गठ्ठा असा आहे, ज्याला कात्री लागलेली नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्यानंतरच्या काही आठवड्यांचे पेपर सुतळीनं बांधून अख्खेच्या अख्खे ठेवलेत. विचारलं तर अण्णा म्हणतात, "त्यात कापण्यासारखं काही नव्हतं." आणि लगेच दुसरा गठ्ठा सोडतात.

दुसरा गठ्ठा बहुधा बालगंधर्वांचा असतो. 12 मार्च 1911 ला 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी लेकीचा मृत्यू, आणि तरीही बालगंधर्व उभे राहिले, ही हकिकत जयंती-पुण्यतिथीला हटकून छापली जाते. अण्णांनी ती सालवार लावलीय आणि तिच्यावर संशोधन केलंय. निष्कर्ष असा, की दर दहा वर्षांनी एक हुंदका वाढतो. जुन्या लेखात ते मुकाट्यानं रंगायला बसतात, मधल्या लेखात आरशात बघून थांबतात, अलीकडच्या लेखात सगळी कंपनी रडते आणि प्रेक्षकांनाही आधीच कळलेलं असतं. "आणखी पन्नास वर्षांनी," अण्णा म्हणतात, "नाटक राहणारच नाही, निस्तं रडणं राहील." मूळ दुःखाला अण्णा कधी हसत नाहीत, लेखकांना हसतात.

मृत्युलेखांची तर त्यांच्याकडं आगाऊ पाकिटं आहेत. एखादा ज्येष्ठ नट इस्पितळात असल्याची बातमी आली की अण्णा खळ शिजवायला घेतात. शेजारी ह्यावर चिडतात. पण नट बरा होऊन घरी आला की ती बातमीही अण्णा तितक्याच मायेनं चिकटवतात, त्याच पाकिटावर.

हे वेड लागलं कशानं, ते त्यांनी फार उशिरा सांगितलं. दिवाणाच्या अगदी तळाशी, दोन काचांच्या मधे दाबून ठेवलेलं एक कात्रण आहे, बोटभर रुंदीचं. राज्य नाट्यस्पर्धेत ह्यांच्या ऑफिसातल्या मंडळींनी नाटक केलं होतं. अण्णा हवालदार होते. तीन वाक्यं आणि एक सलाम. परीक्षणात नायकाचं नाव आलं, नायिकेचं आलं, नेपथ्याचं आलं, पेटीवाल्याचंही आलं, आणि शेवटी 'व इतर यांनी योग्य साथ दिली' असं आलं. अण्णांनी त्या 'व इतर'खाली लाल शाईनं बारीक रेघ मारलीय.

"हे मी," ते म्हणाले.

नाटकात इतर किती होते, असं मी विचारलं. सहा. म्हणजे सलाम करणारे आणखी पाच जण कुठंतरी आहेत. पण रेघ फक्त ह्यांनीच मारली. 'योग्य' हा शब्द त्यांना विशेष आवडतो. नायकाला त्या परीक्षकानं 'बरा प्रयत्न' म्हटलं होतं.

अलीकडं मुलगा पुण्याहून त्यांना मोबाइलवर ई-पेपर पाठवतो. सगळे पेपर, सगळ्या आवृत्त्या, पहाटे पाचला. कागद नाही, पसारा नाही, खळ नाही, काकू खूष. अण्णांनी आठवडाभर मोबाइल हातात धरून बघितला, बोटानं मोठं केलं, लहान केलं, आणि आठव्या दिवशी ते झेरॉक्सच्या दुकानात गेले. आता रोजचंच झालंय. नाटकाची बातमी आली की अख्खं पान छापून घेतात, ए-थ्री कागदावर, दहा रुपयाला. पेपर पाच-सहा रुपयाला मिळतो, हे त्यांना सांगून झालंय. त्यांचं म्हणणं, लातूरच्या पेपरात मुंबईची आवृत्ती नसते.

दुकानातला पोरगा हुशार आहे, दिवसभर प्रश्नसंचच छापत असतो. त्यानं स्क्रीनवर बातमी तेवढी चौकटीत धरली आणि म्हणाला, "सर, बाकीचं जाहिरातीचं, सोन्याच्या भावाचं कशाला छापायलाव? हितंच कापून देतो की. दोन रुपयांत होतंय."

अण्णांनी चष्म्याचं घर उघडलं. "पोरा, तू अख्खं दे. कापायचं काम माझं हाय." मग जरा विचार करून म्हणाले, "आन् सोन्याच्या भावाचं पान मागच्या बाजूला घे. रविवारी आडत्या येतोय."